इस्पितळाच्या रस्त्यानं

हरिहर चौबळ ठाण्याच्या कोर्टात नाझर होते. समन्स, जप्त्या, बेलिफांच्या कटकटी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं आणि त्यांच्या कपाळावर कधी आठी दिसायची नाही. त्रेपन्न सालच्या थंडीत मात्र या माणसाचं काहीतरी बिनसलं. रात्री डोळ्याला डोळा लागेना. पानावर बसले की घास तोंडात फिरायचा. कचेरीत बसल्या बसल्या छाती धडधडायची, तळहाताला घाम फुटायचा. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, दृष्ट काढली, तरी उतार पडेना. शेवटी डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली आणि म्हणाले, "नाझरसाहेब, काळीज ठणठणीत आहे. थकलंय ते मन. त्याला माझ्याकडे मिक्श्चर नाही. पहाटे उठा, घाम येईपर्यंत चाला. रोज. आणि मनातलं घरात बोलत जा, गिळून टाकू नका."

हरिहरराव जन्मभर हुकूम बजावत आलेले. दुसऱ्याच दिवशी मासुंदा तळ्याला फेरी घालायला निघाले. पण ठाण्यात नाझरानं मोकळं फिरावं हे पक्षकारांना कुठलं सोसायला! कोलशेतचा धाकू पाटील दातण चघळत समोर उभा राहिला.

"नाझरसाहेब, माजी तारीक कवा हाय वो?"

"कचेरीत ये रे अकराला."

"येतंय ना. पन तवर सांगा तरी, मिठागर माजं का भावाचं?"

एका फेरीत असे आणखी चार भेटले. घरी आले तेव्हा छाती निघताना होती त्याहून जास्त धडधडत होती. मग त्यांनी असा रस्ता शोधला, जिथे एकही पक्षकार पाय ठेवणार नाही. गावाबाहेर वेड्यांच्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता. दोन्ही अंगांना झाडी, सावली, पाखरांचा गलबला. इस्पितळाच्या कुंपणाला हात लावायचा आणि परत फिरायचं. महिन्याभरात त्यांना झोप लागू लागली. एक दिवस त्यांनी भाकरी मागून घेतली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पण त्या काळी मुंबई-कोकणात कुणाचं जरा बिनसलं की लोक म्हणायचे, ह्याला ठाण्याला धाडा. खुद्द ठाणेकरांची यात पंचाईत होती. ते म्हणायचे, 'हा त्या रस्त्याला लागला.' आणि हरिहरराव तर रोज पहाटे, मफलर गुंडाळून, सगळ्या आळीदेखत त्या रस्त्याला लागत होते. कुंपणापर्यंत त्यांच्या मागे कुणी गेलं नाही. ते आत जातात, तिथला काढा पिऊन येतात, असं आळीनं घरबसल्या ठरवून टाकलं.

नेमकं त्याच वेळी उत्तराचं, त्यांच्या मुलीचं, कल्याणला फणश्यांकडे जमत आलं होतं. मुलगा रेल्वेत, पत्रिका जुळलेली. मध्यस्थ होते मंदाकिनीबाईंचे भाऊ त्र्यंबकराव. ते तातडीनं ठाण्याला आले.

"हरिहरराव, बातमी कल्याणपर्यंत गेली. अक्षता पडेपर्यंत तेवढं चालणं बंद ठेवा."

"अहो, ऐका दादाचं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अंगणात घाला की येरझाऱ्या!"

मुलीचा प्रश्न. हरिहररावांनी ऐकलं. अंगणात येरझाऱ्या घालू लागले, तर शेजारच्या हौसाबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय हरवलं का हो?" चार दिवसांत झोप उडाली, आठव्या दिवशी कचेरीत पेन हातात धरवेना. त्या संध्याकाळी ते मंदाकिनीबाईंना म्हणाले, "अगं, पोरीच्या लग्नात मला उभं राहायचं असेल तर चालावंच लागेल. उद्यापासून मी जाणार." आणि गेले.

रविवारी मुलाचे वडील विश्रामराव फणसे स्वतः आले. पोहे झाले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "पहाटे फिरायला जाता म्हणे. कुठवर?"

त्र्यंबकरावांनी घाईघाईनं तोंड घातलं, "तळ्यावर! ठाण्याचं तळं म्हणजे काय वर्णावं..."

"तळ्यावर नाही," हरिहरराव म्हणाले. "इस्पितळापर्यंत जातो. आत जात नाही. पण मन आजारी होतं हे खरं. झोप नव्हती, अन्न नव्हतं. चालण्यानं माणसात आलो. म्हणून रोज जातो, पुढेही जाणार."

विश्रामराव मान डोलावत राहिले, सुपारी तोंडात टाकून उठले. बुधवारी त्र्यंबकराव निरोप घेऊन आले. पत्रिका जुळत नाही.

"जुळली होती ना?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"आता नाही जुळत, मंदा. तुझ्या नवऱ्यानं जुळू दिली तर ना! काय सत्यवादी लागून गेलेत!"

हरिहरराव खाली मान घालून बसले. उत्तरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, त्यांना बोलू नका. जिथे माझ्या बाबांना चालायची चोरी, तिथे मला आजारी पडायचीही चोरी झाली असती. बरं झालं, आधीच कळलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे हरिहररावांचे पाय उंबऱ्यातच अडले. आळीत अजून दोनचार दारं उघडायची होती. ती उघडणारे आपल्याकडे बघतील, पोरीचं मोडलं ते कुणामुळे हे एकमेकांना सांगतील. मफलर हातात तसाच राहिला. तेवढ्यात उत्तरानं चपला पायात सरकवल्या. "चला बाबा." मागून मंदाकिनीबाई कडी लावत पुटपुटल्या, "थांबा, मीही येते. घरात बसून हौसाबाईंना काय उत्तरं देऊ?"

तिघं आळीतून निघाली. हौसाबाईंनी विचारलंच, "कुठे निघाला सगळा कुटुंबकबिला?"

"इस्पितळापर्यंत," हरिहरराव म्हणाले. "येता?"

त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला त्यांनी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मंदाकिनीबाई आत कपाळाला हात लावायच्या, पण आडव्या आल्या नाहीत. काही मंडळी कपाला तोंड न लावता उठून गेली. पनवेलचे वैद्य आडनावाचे गृहस्थ मात्र बसून राहिले. चहा संपवला आणि म्हणाले, "मुलीलाही चालायची सवय आहे ना? आमच्याकडे विहीर लांब आहे."