सातवी रांग, निळी ताडपत्री

आमच्या इमारतीतल्या इस्त्रीवाल्या वहिनींच्या चहाड्या मी आजवर पुष्कळ केल्या. लाँड्रीत इस्त्रीला आलेल्या कपड्याच्या खिशातली एकही चिठ्ठी त्या फेकत नाहीत, ज्याची त्याला पोचवतात. एकदा अशीच एक चिठ्ठी त्यांनी चुकून गिऱ्हाइकाच्या बायकोच्या हाती दिली. ते गृहस्थ पुढे आठवडाभर खानावळीत जेवत होते. पण आजची चहाडी वहिनींची नाही, एका सिनेमावाल्याची आहे, आणि ती सांगताना मला अजून संताप येतो.

वहिनी मूळच्या परदेशातल्या; एकोणिसाव्या वर्षी तिथल्या लढाईतून पायी निघाल्या. वाटेत धाकटा भाऊ हरवला. नऊ वर्षांनी सापडला तो इथून दोन स्टेशनांवरच्या बेकरीत! इतकी वर्षं भाऊ पाव भाजतोय आणि बहीण त्याच्या नावानं रडतेय. का? तर निरोप पोचवणारं कुणी नव्हतं.

सिनेमावाला त्यांच्याच देशातल्या निर्वासितांच्या छावणीवर माहितीपट करून आला होता. दाढी विस्कटलेली, पण ती तशी विस्कटायला रोज तासभर लागत असावा. पडद्यावर खाली भाषांतराच्या ओळी लिहायला त्याला त्यांची भाषा येणारं माणूस हवं होतं. वहिनी तीन दिवस रजा काढून त्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसल्या. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या, त्या धुमसतच.

"काका, एक म्हातारा आहे. तो आधी ओरडतोय, 'चार वेळा पाणी आणायला लावलंत. हंडा भरलाय, आता ओतू कुठे?'"

"चार वेळा कशाला?"

"ऊन चेहऱ्यावर नीट पडत नव्हतं म्हणे!"

मग म्हातारा कॅमेऱ्यात बघून मुलीला सांगतो, की पोरी, मी जिवंत आहे. टाकीमागे, सातवी रांग, निळी ताडपत्री. मग आपल्याला सांगतो, की माझी मुलगी शिवणकाम करते, कात्री डाव्या हातात धरते, कुणाला दिसली तर एवढं कळवा. आणि तो एकटा नव्हे. छावणीतल्या सगळ्यांचा समज झाला होता, की कॅमेरा म्हणजे टपाल. जो समोर येई तो आधी नाव आणि ठिकाण सांगे, मग पुढचं रडगाणं. आणि या शहाण्यानं नेमकी ठिकाणंच कापली! काय तर म्हणे, कंटाळवाणी होतात.

"म्हाताऱ्याचा नुसता चेहरा ठेवलाय," वहिनी म्हणाल्या. "आणि खाली मला लिहायला सांगतोय, 'माझा देश माझ्या डोळ्यांतून वाहतो.' अहो, डोळ्यांत धूळ गेली होती त्याच्या!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दादा, तुमचा सिनेमा गावोगाव दाखवणार. कुठेतरी ती पोरगी बसलेली असेल. तेवढं त्याचं बोलणं राहू दे. तर म्हणतो, 'ताई, भावार्थ घ्या.' मी विचारलं, भावार्थाला रांगेचा नंबर असतो का?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं दुसरं माणूस आणलं.

रविवारी सकाळी पहिला खेळ होता. बोलावणं मात्र वहिनींना आलं, आभाराच्या यादीत त्यांचं नाव होतं ना! मीही शेपटासारखा मागे गेलो. मखमली खुर्च्या, बायाबापड्यांच्या हातात आधीच रुमाल. म्हातारा आला, हंडा आला, देश डोळ्यांतून वाहिला. माझ्या शेजारची बाई हुंदके देऊन पुन्हा वेफर्सच्या पुडीत हात घालायला मोकळी झाली. शेवटी सिनेमावाला मंचावर चढून म्हणाला, "मी फक्त त्यांचा आवाज झालो."

वहिनी उभ्या राहिल्या. लाँड्रीतल्या यंत्रांच्या खडखडाटात बोलून कमावलेला त्यांचा आवाज, त्याला माईक कशाला? आधी आपल्या भाषेत, मग इथल्या भाषेत त्यांनी सगळं सांगितलं: टाकी, रांग, ताडपत्री, डावा हात. "हे तो म्हणाला होता. हे यानं कापलं."

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! उभं राहून टाळ्या! कुणी म्हणालं, "काय सुरेख शेवट बसवलाय!" सिनेमावाल्यानं हात जोडून वाकून घेतलं. निर्लज्ज!

"अहो, टाळ्या कसल्या वाजवता? लिहून घ्या ना!" वहिनी ओरडल्या. त्यावर आणखी जोरात टाळ्या.

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात फरशी पुसणारा माणूस पोछा भिंतीला टेकवून उभा होता. दाराआडून त्यानं ऐकलं होतं. तो वहिनींच्या भाषेत काहीतरी बोलला आणि त्या दचकल्या.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"विचारतोय, रांग कितवी."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. त्याची बायको कपडे शिवायच्या कारखान्यात होती, तिथं त्यांच्या मुलखातल्या तीसेक बाया. उद्या जेवायच्या सुट्टीत ती सगळ्यांना वाचून दाखवणार होती. त्यानं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, आणि विचारलं, "बाकीच्यांचं?"

वहिनींनी पिशवीतून वही काढली. त्या खोलीत तीन दिवस बसून त्यांनी एकूण एक ठिकाण उतरवून घेतलं होतं. एकेचाळीस माणसं.

"बसा भाऊ," त्या पायरीवर टेकत म्हणाल्या, "वेळ लागेल."