गुणाची लेकरं

नवसाबाईच्या आंब्याखाली लेकरं रडत नसत. गिरणारे गावाकडच्या द्राक्षबागांत तिची तशी ख्यातीच होती, आणि त्या ख्यातीचा तिला तोराही भारी. पेठ तालुक्यातून कामाला येणाऱ्या बाया सकाळी तान्ही लेकरं तिच्या हवाली करून द्राक्षघडांच्या विरळणीला निघून जात. झोळ्या फांद्यांना, म्हातारी बुंध्याशी. दूध वेळेवर, दुपटं कोरडं; पण रडणाऱ्याला उचलायचं नाही. "उचललं का सोकावतं," ती म्हणे. नवं लेकरू काही दिवस आकांत मांडी, मग गप होई. बाया म्हणत, म्हातारीच्या हाताला गुण आहे. गुण कसला डोंबलाचा!

तृप्ती याच झोळ्यांत वाढली. ती गप झाली तेव्हा नवसाबाईने कौतुकाने गूळ वाटला होता. पुढे तृप्तीने अंबडच्या कंपनीत काम केलं, पण कधी कुणाच्या डब्यात हात घातला नाही की कुणाला नावाने हाक मारली नाही. नवरा मंगळू जीव लावणारा. तो एकदा नवसाबाईला म्हणाला होता, "भांडली तरी बरं वाटंल, मावशी. मी तापानं फणफणलो, तर उशाशी पाणी ठेवून बाहेर जाऊन बसली."

यंदा तृप्ती स्वतःची मुलगी घेऊन आली. झोळीत ठेवलं आणि वळूनही न बघता बागेत गेली. मुलगी पहिल्याच दिवशी गप.

नवसाबाईने वाकून पाहिलं. डोळे टक्क उघडे, पानांकडे लागलेले. तिने चुटकी वाजवली, बोबडं बोलून पाहिलं. नजर काही तिच्याकडे वळली नाही. वारा पडला होता. तिने बाकीच्या झोळ्या पाहिल्या. सगळी जागी होती आणि एकही हूं की चूं करत नव्हतं. इतकी वर्षं जिचा तिला अभिमान होता, त्याच शांततेची तिला त्या भर दुपारी भीती वाटली.

तृप्ती पाजायला आली. आई वेलींकडे बघत होती, लेक फांद्यांकडे. एका घरात उतरलेले दोन परके पाहुणे असावेत तशा.

"घरी पण रडत नाय का गं ही?"

"नाय. मी बी रडत नव्हते ना? तूच सांगतीस."

त्या दिवसापासून नवसाबाईने आपली रीत मोडली. मुलीला उचलून खांद्यावर घेऊन ती बांधावर फिरू लागली. सुरुवातीला ते अंग लाकडासारखं ताठ असे. हळूहळू सैल पडलं. मग एकदा मुठीत पदर आला. बाया हसल्या, मुकादम करवादला, पण म्हातारी ऐकेना.

आणि एका दुपारी झोळीत ठेवताच मुलीने टाहो फोडला. बाया ओळींतून बाहेर आल्या. तृप्तीही आली, पण लांबच उभी राहिली.

"काय झालं तिला?"

"काय नाय. बोलावतीया."

"कोणाला?"

"तुला."

तृप्ती जागची हलली नाही. रडणं तिच्यापर्यंत पोचतच नसावं, असा तिचा चेहरा होता. नवसाबाईचे हात झोळीकडे जात होते. तिने ते आवरले आणि तृप्तीसमोर जोडले.

"घे गं माय. ती गप व्हायच्या आत घे."