सेन्सरची काळजी आणि माझं पाचवं कलम

गाडीतला जो भाग बिघडू नये म्हणून मी तीन आठवडे झटले, तो शेवटी मीच बिघडवला.

हे लिहायला फार अभिमान वाटतो अशातला भाग नाही. पण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकवली जाते आणि दर वेळी तीत भर पडते (गेल्या खेपेला तीत मासेसुद्धा आले), तेव्हा खरं काय ते एकदा मीच लिहून ठेवलेलं बरं.

आम्ही लोणखेड्याचे. केळी, ऊस आणि थोडा कापूस. एक शेत नाल्यापलीकडे आहे, त्या निमित्ताने यांनी चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली. तिच्यात एक बटण आहे. मागचं एक चाक चिखलात नुसतंच गरगर फिरायला लागलं की ते दाबायचं. मग मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि दोघं मिळून गाडी बाहेर काढतात. (संसारात असं बटण का नसतं, हा प्रश्न मी यांना विचारला होता. यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.) याला डिफरन्शियल लॉक म्हणतात. चाकं खरोखर जखडली की नाही हे गाडीला कळवण्यासाठी खाली अ‍ॅक्सलवर अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. तो रुसला की समोर पिवळा दिवा लुकलुकतो आणि लॉक काही लागत नाही.

जूनमध्ये तो एकदा रुसलाच. यांनी औषध फवारायच्या पंपाने गाडी धुतली होती, आणि नळी खाली घालून अ‍ॅक्सलही मनसोक्त धुतला होता. शहाद्याच्या नाना मिस्तरींनी नवा सेन्सर बसवला आणि यांच्याकडे न बघता मला चार गोष्टी सांगितल्या. घरात वही कोणाची चालते हे त्यांना माहीत आहे. जोराच्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुवायची नाही. सेन्सरच्या वायरीचा जोड उघडून कोरडा करायचा आणि त्याला त्याचंच ग्रीस लावायचं. आठवड्यातून एकदा मऊ मातीत, गाडी हळू चालवत लॉक लावून काढायचा, म्हणजे आतले भाग जाम होत नाहीत. आणि अ‍ॅक्सलचं तेल वेळेवर बदलायचं. बस.

मी साखर कारखान्याकडून मिळालेल्या डायरीत चारही कलमं उतरवली आणि पुढे खुणा करायला चौकोन आखले. इथेच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती.

पण त्याच आठवड्यात आमच्या ऋतुजाची ऑर्डर आली. मुलगी डॉक्टर झाली होती आणि तिला धडगावच्या पलीकडच्या डोंगरातलं आरोग्य केंद्र मिळालं होतं. तीन आठवड्यांनी, गुरुवारी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. ऋतुजाने हेच केंद्र स्वतः मागून घेतलं होतं. इंटर्नशिपमध्ये ती तिथे महिनाभर राहून आली होती, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. शेवटचा सात किलोमीटरचा रस्ता कच्चा, मध्ये एक ओढा, आणि ओढा ओलांडला की लाल मातीची खडी चढण. म्हणजे सगळी मदार त्या बटणावर, आणि बटणाची मदार अंगठ्याएवढ्या सेन्सरवर.

मला झोप लागेना. मिस्तरींनी सांगितलेली काळजी पुरेशी होती, पण ती मिस्तरींची होती. त्यात माझी काहीच नव्हती! सकाळी शेतात गेले, तर घडांना निळ्या पिशव्या घालणं चाललं होतं. ऊन, धूळ, किडे, कशाकशापासून ती पिशवी केळीचा घड सांभाळते. मी एक पिशवी मागून घेतली, घरी आले, गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले आणि सेन्सरला ती पिशवी घातली. वरून सुतळीने बांधली. मग खालून चिखल जाईल म्हणून खालूनही बांधली. डायरीत लिहिलं: कलम पाच, सेन्सरला पिशवी. समोर लगेच बरोबरची खूण.

यांना सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं अशी माझी समजूत होती.

गुरुवारी सकाळी निघालो. म्हसावद सोडलं, डोंगर लागला, धडगावला चहा झाला. ऋतुजा मागच्या सीटवर तिची पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती. मी दर दहा मिनिटांनी यादी बघत होते. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. यांनी अगदी सावकाश गाडी पार केली आणि माझ्याकडे जरा ऐटीत बघितलं. मग चढण आली आणि भुरभुर पाऊसही आला. निम्म्यात मागचं डावं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. यांनी गाडी थांबवली, बटण दाबलं.

पिवळा दिवा लुकलुकला.

यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. घड्याळात साडेतीन. मी घाईघाईने डायरी उघडून एकेक कलम मोठ्याने वाचलं आणि सगळं केलेलं आहे, खुणा आहेत, असं ठणकावून सांगितलं. दिव्यावर काही परिणाम झाला नाही.

तेवढ्यात मागून प्रवाशांची एक जीप आली आणि आमच्यामुळे अडकली. आतून बारा-पंधरा माणसं उतरली. ती आपसात त्या डोंगरातल्या पावरी बोलीत काहीतरी बोलत आमच्या गाडीभोवती शांतपणे उभी राहिली. कोणी रागावलं नाही, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

नशिबाने तिथे मोबाईलला रेंज होती. यांनी नाना मिस्तरींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मिस्तरींनी पहिलाच प्रश्न विचारला,

"ताई, खाले काही बांधेल शे का?"

मी डायरी मिटली. यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ऋतुजानेही बघितलं. जीपमधल्या माणसांनीही बघितलं (त्यांना अहिराणी चांगलीच कळत होती).

"पिशवी," मी म्हणाले. "केळीची. संरक्षणासाठी."

 मग मिस्तरी अगदी हळू आवाजात म्हणाले, "केळना घडले पिशवी खालथून उघडी राहस ना, ताई? मंग दोन्ही तोंडं बांधानी काय गरज व्हती?"

पंचवीस वर्षं केळीच्या घरात काढलेल्या बाईला हे एका गाडीच्या मिस्तरीकडून ऐकावं लागलं. सेन्सरचं राहू दे, मला पिशवीसुद्धा नीट घालता आली नव्हती!

हे खाली वाकले आणि बॅटरीच्या उजेडात त्यांना अ‍ॅक्सलला लटकलेली, गढूळ पाण्याने टम्म फुगलेली निळी पिशवी दिसली. ओढ्याचं सगळं पाणी सुतळीच्या फटीतून आत शिरलं होतं आणि बाहेर पडायला मी वाट ठेवलीच नव्हती. हे खूप वेळ वर आलेच नाहीत. आधी वाटलं रागावले. मग गाडी हलताना दिसली आणि कळलं की खाली पडून हसताहेत.

सेन्सर मेलेला नाही, नुसता बुडालाय, असा मिस्तरी फोनवरून धीर देत होते. "मरेल नही शे, बुडेल शे. पिशवी कापा, जोड खोला, कोरडा करा. गाडी जाई."

पण कोरडा कशाने करायचा? आमच्या अंगावरचे कपडे, रुमाल, गोणपाट, सगळंच पावसाने भिजलेलं. तेव्हा ऋतुजाने पेटी उघडली. कापूस आणि स्पिरिट काढलं, नवा पांढरा कोट काढून सीटवर ठेवला आणि सरळ गाडीखाली शिरली. जोडातली एकेक पिन तिने स्पिरिटच्या कापसाने पुसली, फुंकली, पुन्हा पुसली. डॉक्टर झाल्यावर माझ्या लेकीने तपासलेला हा पहिला जीव. मी बाहेरून सूचना देत होते. आतून आवाज आला, "आई, नातेवाइकांनी जरा लांब थांबा."

जीपमधली माणसं एवढं बघून पायवाटेने पुढे निघून गेली. यांनी बटण दाबलं. दिवा एकदा लुकलुकला, विचारात पडल्यासारखा झाला आणि मग स्थिर पेटला. दोन्ही चाकांनी माती धरली आणि गाडी अशी चढली, जणू आमच्या हातून काही चूक झालीच नव्हती!

केंद्राच्या पायरीवर पोहोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. ऋतुजाचे हात काळे, कोपर लाल मातीने माखलेले. दारात केंद्रातल्या जुन्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी आधी तिची सही घेतली, मगच पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाल्या, "पिशवीवाल्या आई तुम्हीच ना?"

बातमी पायवाटेने आमच्या आधी पोहोचली होती.

सिस्टरांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, इथे रोज हेच बघतो. लेकरू तापलेलं असतं आणि आई त्याला आणखी तीन गोधड्यांत गुंडाळून आणते. डॉक्टरचं पहिलं काम गोधड्या काढायचं. मग ऋतुजाला म्हणाल्या, "मॅडम, सुरुवात चांगली झाली तुमची. आता आईलाही एकदा नीट समजावून सांगा. लागलं तर लिहून द्या."

ऋतुजा काही बोलणार तेवढ्यात हे घाईघाईने पुढे झाले.

"सांगा वाटेल तितकं," हे म्हणाले. "पण लिहून देऊ नका. ती खाली एक कलम स्वतःचं घालते."

सिस्टर हसल्या, ऋतुजा हसली. हे खोटं आहे असं मी तिथल्या तिथे तीन मुद्द्यांत सिद्ध करू शकले असते, पण दोनच मुद्दे सुचले आणि तिसऱ्यासाठी मी पेन शोधत होते.