सोनेरी झालं की थांबायचं

तळलेली बटाट्याची चकती चिमट्यात धरून ताई खिडकीशी जायच्या, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या त्या मळकट उजेडात उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "सोनेरी झालं की थांबायचं. पुढे नुसता हावरटपणा."

आमच्या लॅबमध्ये खाद्यपदार्थ तपासले जायचे. बटाटा कडक तळला की त्यात एक घातक रसायन तयार होतं. चकत्या कढीपत्त्याच्या अर्कात बुडवून ते कमी करता येईल, या एका कल्पनेपायी ताईंनी तीन वर्षं घातली होती. मी त्यांच्या हाताखाली. एवढा कढीपत्ता आणता कुठून, असं विचारलं की हसायच्या. "लंडनच्या हॅरोहून लेक पाठवते. तिथल्या दुकानदाराला वाटतं, आमच्याकडे रोज लग्न आहे!"

शेवटच्या चाचणीवर कामाची पुढची मंजुरी ठरणार होती. आकडे आले आणि अहो, काय सांगू! अर्कातल्या चकत्यांत रसायन जवळजवळ नव्हतंच. मॅनेजरने केक मागवला. ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्या संध्याकाळी घरी काचऱ्यांसाठी बटाटे चिरले, सवयीने पाण्यात टाकले आणि एकदम आठवलं. लॅबमध्येही मी हेच केलं होतं! तुलनेसाठीच्या साध्या चकत्या लगेच तळल्या. पण अर्क गाळून होईपर्यंत बाकीच्या काळ्या पडतील म्हणून त्या पाण्यात ठेवल्या. पाण्यात बटाट्यातली साखर उतरते, आणि त्यानेही रसायन कमी होतं. म्हणजे करामत बरीचशी पाण्याची होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. सकाळी रडत रडत सांगून टाकलं. ताई उठून तडक मॅनेजरकडे गेल्या.

"सॉरी, दॅट वॉज माय मिस्टेक. वुई मस्ट रिपीट इट."

'माय' म्हणाल्या, माझी चूक स्वतःवर घेऊन! मी दारातच उभी होते.

पुन्हा केलेल्या चाचणीत कढीपत्त्याने रसायन कमी केलं खरं, पण थोडंसंच. मंजुरी मिळाली नाही.

"तीन वर्षं गेली हो ताई तुमची, माझ्यामुळे!"

"वेडी आहेस का? माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून लोक पोरांना खाऊ घालणार. तो खोटा कसा चालेल?"

एवढं मोठं माणूस मी इतक्या जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

ताई लॅब सोडून लेकीकडे हॅरोला गेल्या, त्या दिवशी माझ्या टेबलावर एक डबा होता. आत काचऱ्या, सगळ्या एकसारख्या सोनेरी. एक उचलून मी खिडकीशी गेले. झाकणावर लॅबच्या नमुन्यांना लावतो तसली चिठ्ठी होती, ताईंच्या अक्षरात: "कढीपत्ता: फोडणीपुरता. बटाटे: आधी पाण्यात भिजवले आहेत."