खोक्यावरचा कान

खोकं चिकटपट्टीने बंद केलं की मामा ते कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि दोनदा हलवायचे. "वाजला तर गेला, बाय," हे ठरलेलं वाक्य. जरा खुळखुळलं तरी खोकं पुन्हा उघडायचं. तुम्हीही हातातलं काम सोडून बघत राहिला असतात.

कुवेतमधल्या फरवानियातल्या आमच्या गोडाऊनमधून अत्तराच्या बाटल्या चीनला जातात. आमची वेबसाइट ती केवढीशी! त्याच गिऱ्हाइकावर अमेरिकेच्या, जपानच्या, कोरियाच्या बड्याबड्या वेबसाइटी टपलेल्या. त्या भरघोस सूट देणार, झटपट माल पोचवणार. आमच्या बाटल्या फुटून पोचायच्या. तिकडच्या शिव्या कॉम्प्युटरवर भाषांतर करून वाचणं, हे माझं काम. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, चीनची विक्री बंद करायच्या बेतात होता. तेवढ्यात मामा पॅकिंगच्या कामाला आले. देवगडात जन्मभर हापूसच्या पेट्या भरलेला माणूस.

नोव्हेंबरात चीनमध्ये मोठा सेल लागला. ऑर्डरींचा ढीग पडला. मुदीर ओरडला, "यल्ला मामा, जल्दी! ये हिलाना बंद करो, नहीं तो घर जाओ!"

मामांनी हातातलं खोकं अलगद खाली ठेवलं. मला म्हणाले, "सांग तेका. माका नोकरी व्हयी, पण फुटकी बाटली धाडूक माझो हात जावचो नाय."

मी शब्दन् शब्द सांगितला. मामांनी खोकं पुन्हा कानाशी धरलं. माल तीन दिवस उशिरा निघाला आणि मुदीरने मामांचं महिनाअखेरचं परतीचं तिकीट काढायला लावलं.

त्या तीन दिवसांत मामांनी प्रत्येक खोक्यावर मार्करने एक चित्र काढलं होतं. छोटं खोकं, शेजारी कान, मध्ये हलवल्याच्या दोन रेघा.

"मामा, हा कान आहे की काजू?"

"जो हलवतलो, तेका कळतला."

आणि कळलं की हो! आठवड्याभरात व्हिडिओ यायला लागले. पहिल्यात एक चिनी आजी. खोकं कानाशी धरते, दोनदा हलवते, नातीकडे बघून हसते, मग उघडते. बाटली अख्खी! मग दुसरा आला, मग कितीतरी आले. बड्या वेबसाइटींच्या नाकावर टिच्चून गिऱ्हाईक आमच्याकडे वळलं. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

मुदीरने आजीचा व्हिडिओ तीनदा बघितला. तिकीट रद्द करायला सांगितलं, जवळचं एक खोकं उचललं आणि स्वतःच हलवून बघितलं.

पुढे कंपनीने चित्रकाराकडून देखणा कान छापून घेतला. लगेच चीनमधून विचारणा झाली, आमचा वाकडा कान कुठे गेला? शेवटी मामांचा काजूच छापला.

गेल्या वर्षी मामा कायमचे गावी गेले. यंदा सुट्टीहून परतलेल्या एका ओळखीच्या नर्सबरोबर त्यांनी आंब्यांची पेटी धाडली. वर मार्करने काढलेला तोच काजू.

घरातले सुरी घेऊन धावले. मी म्हटलं, "थांबा रे!" पेटी कानाशी धरली, डोळे मिटले आणि दोनदा हलवली.

"मामा, वाजली नाही हो!" मी मोठ्याने म्हणाले.