दोन रेघांची घोडी

पुण्याहून अलिबागच्या एसटीत चढले तेव्हा माझ्याजवळ तीन डाग होते: कपड्यांची पिशवी, जुन्या शालीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक आणि बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी. पहिल्या दोन्हींकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पेटी मात्र कंडक्टरच्या डोळ्यांत भरली.

"म्हावरं (मासळी) हाय काय मॅडम?"

"नाही."

"तसं नाय. कोकणात म्हावरं घेऊन जाणारं गिऱ्हाईक अजून बघितलं न्हवतं, म्हणून विचारलं."

पेटीत रिकाम्या नळ्या होत्या. किहीमपासून हरिहरेश्वरापर्यंत गुराघोड्यांच्या रक्तानं त्या भरायच्या, हे माझं काम. आफ्रिकेत एक परजीवी माणसाच्या रक्तात शिरतो आणि शेवटी माणूस झोपाळून झोपाळून मरतो. त्याचा चुलतभाऊ आपल्याकडं राहतो. तो माणसाच्या वाटेला क्वचितच जातो. घोडे, उंट, बैल धरतो. त्या आजाराला सर्रा म्हणतात. डांस नावाची मोठी चावरी माशी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडं नेते. घोड्याला सर्रा झाला आणि वेळेत औषध मिळालं नाही, तर घोडा बहुधा जातोच.

आमच्या प्रयोगशाळेनं यासाठी एक पट्टी काढली आहे. रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर संशय. ही पट्टी गावात, गोठ्यात, शेणामुतात चालते का, हे बघायला सरांनी मला पाठवलं होतं. सर स्वतः आले नाहीत. त्यांना एसटी लागते.

मी माणदेशातल्या मेंढपाळाची मुलगी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि हे मी आपणहून सांगते, कारण कुणी विचारत नाही.

किहीमला माझी सोय हरीकाकांच्या वाडीत (नारळ-पोफळीच्या बागेत) झाली होती. काका किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घोडागाडी चालवतात. बोलतात कमी. त्यांचा वाटा सुलोचनाकाकू बोलून टाकतात.

"जेवून घे आधी," काकूंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढं सरकवली. "शिकलेली दिसतेस. शिकलेल्या पोरी खात न्हायत."

मी चार भाकऱ्या खाल्ल्या. शिक्षणाची अब्रू वाचली.

जेवण झाल्यावर काकांनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथं बिजली उभी होती. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि बरगड्या मोजता येतील अशी. पाय सुजलेले. चालताना मागचा भाग हेलकावे खात होता.

"शिंगरू असल्यापासनं माझ्याकडं हाय," काका म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

बिजलीचं दुखणं येऊन-जाऊन होतं. दोन-तीन दिवस ताप, मग आठवडाभर बरी, मग पुन्हा ताप. जनावरांच्या दवाखान्यात तीनदा नेली होती. डॉक्टरांनी तिन्ही वेळा रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, काही सापडलं नाही. आळीतल्या लोकांनी न बघताच निदान केलं होतं: नजर लागली.

मी पट्टीवर थेंब टाकला. आम्ही तिघं ओणवून बघत बसलो. एक रेघ आली. थोड्या वेळानं, फिकट का होईना, दुसरीही आली.

काकू एकदम उठून उभ्या राहिल्या. "दोन रेघा! अहो, घोडी गाभण हाय!"

"न्हाय गो," काका घाबरून म्हणाले. "कशी असंल?"

"कशी म्हणजे? आपल्या सुनेची पट्टी अशीच न्हवती काय? पेढे वाटलेत मी!"

ही पट्टी त्या कामाची नाही, हे पटवायला मला बराच वेळ लागला. काकू जरा हिरमुसल्या.

संध्याकाळी डॉक्टरांना पट्टी दाखवली. माणूस सरळ. म्हणाले, "तुमची पट्टी अजून परीक्षेला बसलीय, पास झालेली नाही. शिवाय जुनं, बरं झालेलं दुखणंही ती दाखवू शकते. ह्या आजाराचं इंजेक्शन जड असतं आणि घोडी आधीच अशक्त. जंतू डोळ्यांनी दिसू दे, त्याच मिनिटाला टोचतो."

मी त्याच दिवसाचं रक्त काचेवर घेऊन तासभर बघितलं. स्वच्छ. तांबड्या पेशी सोडून काही नाही.

रात्री जेवताना मी सहज विचारलं, "काकू, तिला दवाखान्यात कधी नेता तुम्ही?"

"बरी असली का."

"बरी असली की?"

"मग? तापली का ती उभी न्हाय रहात. दवाखान्यात न्यायची कशी? पाठीवर घेऊन?"

माझा घास हातातच राहिला. हा जंतू रक्तात लाटेसारखा येतो. लाट आली की ताप चढतो आणि तेव्हाच तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ओसरली की कुठं दडतो पत्ता लागत नाही. बिजली तापली की घरी पडून राहायची, आणि जंतू रक्तातून गेले की हेलपाटत का होईना, चालत तपासणीला जायची. तिन्ही वेळा हेच झालं होतं. आणि एम.एस्सी. झालेल्या मीही आज तेच केलं होतं.

"काकू, ती तापेल त्या दिवशी मला फोन करा. मी कुठंही असले तरी. तिला हलवू नका."

"तू येशील?"

"येईन," म्हटलं. म्हणायला काय जातं, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दक्षिणेला निघाले. मुरूडला बस बदलली, आगरदांड्याला गाड्या नेणाऱ्या बोटीत चढले, दिघीला उतरले. हरिहरेश्वरला एका खाणावळीत कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी मिळाली. त्यासाठी मी सरांची दहा वर्षं नोकरी करायला तयार आहे. देवळाकडं येणारे भाविक मला वाट देत होते, कारण पेटीत प्रसादाचे मोदक असावेत असा त्यांचा समज झाला. तिथल्या बैलांनी सहकार्य केलं. किनाऱ्यावरच्या एका उंटानं नमुन्यासोबत भरायचा अर्ज चावून खाल्ला, तोही मालकाच्या सहीनंतर.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"तापलीय," काकू म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. "कानाच्या मुळाशी हात ठेववत न्हाय. रातीपासनं पडूनच हाय. हे तिच्यापाशी बसलेत, चहा पन घेत न्हायत. येतंस ना गो बाय?"

मी सरांना फोन लावला.

"हरिहरेश्वरचे नमुने पूर्ण झाले?"

"नाही सर. पण किहीमची घोडी..."

"हे बघ, आपला प्रकल्प पट्टीचा आहे, घोडीचा नाही."

"पण सर, पट्टी खरी की खोटी, हे घोडीच सांगणार ना?"

तेवढ्यात रेंज गेली. गेली की मी घालवली, हे विचारू नका.

दिघीला जाणारी बस निघून गेली होती. एका रिक्षावाल्या चाचांनी मला पेटीसकट आत कोंबलं. "घोडी बीमार है? बस बेटी, बस. इन्शाअल्ला बोट मिळंल." बोट मिळाली, पण सुटेना. बोटवाला म्हणाला, अजून एक गाडी आली की सोडतो. अर्धा तास गेला. खाडीचं पाणी होतं तिथंच होतं आणि आम्हीही.

"पेटीत काय मॅडम? पापलेट?"

"रक्त," मी म्हणाले.

तो दोन पावलं मागं सरकला. मोटरसायकलवाले माझ्याकडं बघायला लागले. एका बाईनं पोराला कडेवर घेतलं. मग बोट लगेच सुटली.

किहीमला पोहोचले तेव्हा सूर्य कलला होता आणि वीज गेलेली होती. बिजली अंगणात आडवी. काका तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मी आल्याचं त्यांनी मान हलवून मान्य केलं. तिच्या कानाच्या मुळाशी हात लावला. आमच्या दादांनी (वडिलांनी) मेंढ्यांचा ताप असाच बघायला शिकवला होता. चटका बसला.

कानाच्या शिरेतून थेंब घेतला, काचेवर ठेवला, वरून पातळ काचेनं झाकला. पण माझ्या सूक्ष्मदर्शकाला दिवा नाही, आरसा आहे, फोनच्या टॉर्चचा त्यात नुसता ठिपका पडतो, आणि वाडीतल्या नारळांखाली अंधारून आलेलं. थेंब सुकला की जंतू थांबणार, मग ओळखणं कठीण.

"किनाऱ्यावर उजेड हाय," काका म्हणाले. त्यांनी स्टूल उचललं आणि पळत सुटले. त्यांच्यामागं सूक्ष्मदर्शक छातीशी धरून मी, माझ्यामागं पदर खोचून काकू.

वाळूत स्टूल रोवलं. आरसा सूर्याच्या शेजारच्या उजळ आभाळाकडं फिरवला. पर्यटक गोळा झाले. एकानं विचारलं, "यातून मुंबई दिसते का?" काकूंनी त्याला असं काही ऐकवलं की ते इथं लिहिता येत नाही.

पहिल्यांदा नुसत्या पेशी. मग एका कोपऱ्यात पेशी हलत होत्या. आपणहून नाही, कुणीतरी त्यांना ढकलत होतं. काच जरा सरकवली आणि तो दिसला. पारदर्शक, बारीक, चाबकासारखा वळवळणारा. त्याच्या शेजारी दुसरा. तिसरा.

"काका, बघा."

काका वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"एवढासा?" मग त्यांनी घोडेवाल्यांच्या ठेवणीतली एक शिवी त्या जंतूला दिली. दिवसभरातलं दुसरं वाक्य.

काकूंच्या फोनवर डॉक्टर स्कूटरवरून आले तेव्हा आभाळात तांबडं थोडंच उरलं होतं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच उठले. "तीन वेळा मी ह्या घोडीचं चांगल्या दिवसाचं रक्त बघितलं," ते म्हणाले. "मला घरी यायला पाहिजे होतं." मग वाडीत जाऊन, बोलल्याप्रमाणं त्याच मिनिटाला इंजेक्शन टोचलं.

सकाळी बिजली अजून पडूनच होती, पण कान टवकारले होते. मी उरलेले नमुने घ्यायला पुन्हा हरिहरेश्वर गाठलं. बोटवाल्यानं मला ओळखलं आणि गाडीची वाट न बघता बोट सोडली.

पुण्यात सरांनी आधी झापलं, मग अहवाल वाचला. आमच्या अर्जात जनावराचा रंग, वय, मालकाचं नाव, सगळ्याला रकाने होते. शेवटी मी पेनानं एक जास्तीचा आखला होता: 'आज ताप आहे का? नसेल तर पुन्हा कधी जायचं?'

"हे कुणाच्या सल्ल्यानं?"

"किहीमच्या सुलोचनाकाकूंच्या. शिक्षण चौथी."

सरांनी अहवाल मिटून ठेवला. पण पुढचे अर्ज छापून आले त्यात तो रकाना होता.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. "ऐक गो. बिजलीनं काल डॉक्टरला लाथ मारली. चुकली म्हणून वाचला बिचारा."

"म्हणजे बरी झाली!"

"बरी? सांजच्याला वाळूत धावते, ह्यांना ऐकत न्हाय. आणि हे बघ, आता आलीस का ती दोन रेघांची पट्टी घेऊन ये."

"काकू, ती पट्टी त्यासाठी नसते."

"म्हाईत हाय. तरी पन आण. शेजारच्या आळीत नवीन घोडा आलाय."