गळ्यात काही चालणार नाही

"गळ्यात काय आहे?" स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं.

मी भाषांतर करायच्या आत महानंदाला प्रश्न कळला होता. म्हणजे माझी शिकवणी अगदीच वाया गेली नव्हती. तिने जपानीत सांगितलं की दोऱ्यातल्या या चांदीच्या डबीत इष्टलिंग आहे, आमच्या घरात सगळेच घालतात, आणि ते अंगावेगळं करत नाहीत. बाई जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या सुपरवायझर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या की ड्युटीवर गळ्यात काही चालणार नाही.

माझ्या खुर्चीमागे, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने, मन्मथ आप्पा उभे होते. महानंदाचे वडील. पालमला त्यांचं कापडाचं दुकान आहे, मुलगा पुण्याला असतो. इंटरव्ह्यूला पालकांनी आत थांबायचं नसतं, पण ते म्हणाले होते, "मी दिसनार न्हाई. पन ऐकनार." जपानीचा एक शब्द येत नव्हता, तरी ऐकणार होते.

"काय म्हनायली ती?"

मी सांगितलं.

"बंद करा ते."

मी बाईंची माफी मागितली, नेटचं कारण सांगितलं आणि कॉल बंद केला.

थोडं माझ्या कामाबद्दल. मी मूळची नर्स. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काही वर्षं नोकरी केली आणि परत आले. आता परभणीत क्लास चालवते. तिथल्या कामाला 'काइगो' म्हणतात. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, चालवणं. ते काम आणि भाषा मी शिकवते. शिवाय रोजचं जगणंही शिकवते. ओला कचरा कुठल्या वारी ठेवायचा, सायकल कुठे लावायची, वरच्या मजल्यावर राहत असाल तर चालायचं कसं. व्याकरणापेक्षा मुली यालाच जास्त घाबरतात.

माझ्याकडे येणारा प्रत्येक बाप संशय घेऊन येतो. घ्यावाच. परदेशाच्या नावाने फसवणारे पैशाला पासरी आहेत. पण आप्पांचा संशय वरच्या दर्जाचा होता. खोलीच्या दाराला आतून कडी आहे का? मालक खोलीची दुसरी किल्ली ठेवतो का? भूकंप झाला तर पोरींना आधी बाहेर काढतात की म्हाताऱ्यांना? मी एकेका प्रश्नाला उत्तर देत गेले. एक संपला की ते दुसरा काढत. त्यामुळे मलाही त्यांचा संशय यायला लागला होता. या माणसाला उत्तर नकोच आहे, असं वाटायचं.

आता तर त्यांना पक्कं कारण सापडलं होतं.

"आज दोरा काढा म्हनतेत, उद्या नाव बदला म्हनतील," आप्पा म्हणाले. माझ्या टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती असते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्यात हे न्हाई, म्हनून तुमाला सोपं वाटायलंय."

मला राग आला. चांगलाच आला. नोकरी तिची, नियम जपानचा आणि जात माझी निघाली.

"आप्पा, असं बोलू नका," महानंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. नर्सिंग झाल्यापासून तिने याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता.

क्लासमध्ये सरावासाठी दवाखान्यातली एक जुनी लोखंडी खाट आहे. मी आप्पांना म्हणाले, "झोपा तिच्यावर."

"मी?"

"तुम्हीच. ऐकायचं होतं ना? आता बघा."

संशयी माणूस नाही म्हणत नाही, त्याला आत काय आहे ते बघायचंच असतं. आप्पा टोपी काढून आडवे झाले. मी सांगितलं, अंग सैल सोडा, काही करू नका. महानंदाने त्यांना कुशीवर वळवलं, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडले, एक हात खांद्याखाली घातला आणि स्वतःच्या गुडघ्यात वाकून त्यांना उठवायला लागली. असं उठताना माणसाला क्षणभर पडल्यासारखं वाटतं. हे शिकवून जात नाही. आप्पांचा हात वर गेला आणि समोर लोंबत होता तो दोरा त्यांनी गच्च धरला. महानंदाची मान खाली खेचली गेली. ती ओरडली नाही, पण तिच्या मानेवर लाल वळ उठला.

आप्पांनी हात सोडला.

"तुम्ही सोडला," मी म्हणाले. "ज्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही, तो सोडत नाही. जपानमधल्या माझ्या वृद्धाश्रमात एका आजीने माझ्या गळ्यातली साखळी धरली होती. दोघींनी मिळून तिची मूठ सोडवली. तिला मला मारायचं नव्हतं. ती पडायला घाबरली होती. नियम तेवढ्यासाठी आहे."

आप्पा खाटेवर तसेच बसून राहिले. त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतं.

"लय अलगद उचललं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागले. "हिच्या आईला आमी चादरीला धरून वढायचो. ती अंथरुनाला खिळली व्हती. पाठ सोलून निघायची. वरडायची लय. आमाला दुसरं काय येतच न्हवतं."

"मला तेच शिकायचंय, आप्पा," महानंदा म्हणाली. "अंग न सोलता मानूस कसा उचलायचा ते. तिथं परवान्याची परीक्षा असती. ती पास व्हायची, अन् मग इथं पोरींना शिकवायचं."

इंटरव्ह्यूत 'तुमचं ध्येय काय' हा प्रश्न हमखास येतो. परवाना, सेवा, परत येऊन काम, हे उत्तर मीच सगळ्यांकडून घोकून घेते, म्हणून मला ते कधी खरं वाटत नाही. महानंदानेही सकाळी तेच म्हटलं होतं. आता मात्र ते खरं वाटलं.

आप्पांनी टोपी घातली. "आमच्या महाराजांना इचारतो," एवढंच म्हणून ते लेकीला घेऊन पालमच्या एसटीला निघून गेले.

महाराजांना विचारतो म्हणजे नाही, असं मी समजले. पुढचे काही दिवस महानंदा क्लासला आली नाही. तिच्या फोनवर आप्पा बोलायचे, "कामात हाय ती," आणि ठेवून द्यायचे. पालमहूनच येणाऱ्या एका मुलीने सांगितलं की त्यांच्या घरी जिंतूरचे पाहुणे आले होते. मी हिशेब लावला. स्थळ आलं, पोरगी गेली. सुपरवायझर बाईंचं विचारणं चालूच होतं. घरचे विचार करतायत, असं मी कळवत राहिले, आणि त्यांच्याकडच्या जागेसाठी मनातल्या मनात दुसरी मुलगी शोधायला लागले.

एका सकाळी बाप-लेक दारात उभे. आप्पांच्या हातात पिशवी. त्यातून त्यांनी कपड्याच्या आत घालायची एक जाडसर बंडी काढली. आतल्या बाजूने, छातीवर डावीकडे खिसा शिवलेला आणि त्यावर बटणाची झाकणी.

"महाराज म्हनले, अंगावर असलं म्हंजे झालं. गळ्यातच पायजे असं न्हाई. चांदीची डबी घरी ठिवली. नुसतं कपड्यात गुंडाळून आत. तिला काय टोचायचं न्हाई, म्हाताऱ्यालाबी न्हाई."

"शिवली कुणी?"

"दुकानातल्या टेलरनं. पयली मी सोताच्या मापाची शिवून घेतली. घालून ताके उचलले, वाकून बघितलं, झोपून बघितलं. त्यात खिसा उलटा झाला, म्हनून झाकनी लावली. मग हिच्या दोन शिवल्या."

पाहुण्यांचं मी विचारलंच. "आले व्हते," आप्पा म्हणाले. "च्या पिऊन गेले."

मग कुणी न सांगता ते खाटेवर आडवे झाले. "उचल."

महानंदाने त्यांना उठवायला घेतलं. या वेळी आप्पा काही सैल पडले नव्हते. दोन्ही हातांनी तिची कॉलर, खांदा, छातीवरचा कपडा चाचपत, ओढत होते, एखाद्या गिऱ्हाइकाने कापडात खोट शोधावी तसे. हाताला काहीच लागलं नाही. शेवटी त्यांनी तिचा दंड धरला आणि उठून बसले.

मग म्हणाले, "मॅडम, आता न्हाई म्हनायला माझ्याकडं काय उरलं न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा पुण्यात. बायको नाही. महानंदा गेली की त्या घरात आप्पा एकटे. इतके दिवस मी कड्या-किल्ल्यांची उत्तरं देत बसले होते. मला वाईट वाटलं.

पुढचा कॉल थोडक्यात झाला. सुपरवायझर बाईंनी बंडी आतून-बाहेरून दाखवायला सांगितली, अंघोळ घालताना भिजली तर काय करणार ते विचारलं. महानंदा म्हणाली, दोन आहेत. बाईंनी होकार दिला.

ती आता तिथल्या एका लहान गावात आहे. सायकलने ड्युटीवर जाते. सुट्टीच्या दिवशी कपडे धुते, पिठलं करते आणि परवान्याचा अभ्यास करते. आप्पा व्हिडिओ कॉलवर तिला आधी फोन खोलीभर फिरवायला लावतात, दाराची कडी बघतात, मग जेवलीस का विचारतात.

मी माझी पद्धत थोडी बदलली आहे. एखादा बाप नियमावर अडून बसला की लगेच नियम समजावत नाही. आधी विचारते, ही गेल्यावर घरात कोण राहणार? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. पण त्यानंतर दुसरे प्रश्न कमी येतात.